गेट सरकलं

'किरकोळ तांत्रिक दुरुस्ती' हे शब्द कानावर पडले की अजून माझं डोकं फिरतं. सरकारी कार्यालयात माझी सगळी नोकरी असल्या दुरुस्त्यांची प्रुफं तपासण्यात गेली. महापालिकेचे प्रभाग वाढवले की कायद्यात एक दुरुस्ती. ते परत कमी केले की दुसरी. मग घाईत राहून गेलेलं निस्तरायला तिसरी. वाचताना झोप यावी अशी ती भाषा. निवृत्त झालो, वाटलं सुटलो. कसला सुटतोय! तीच भाषा लालबागच्या आमच्या चाळीत येऊन थोरल्या वहिनीच्या मुळावर उठली.

गिरणी बंद पडल्यावर दादा खचला तो खचलाच. वहिनीने डबे करून घर ओढलं. दारोदार डबे पोचवताना तिला वॉर्डातली सगळी रडगाणी कळायची. कुणाच्या संडासाचं दार निखळलंय, कुठलं गटार तुंबलंय. मग डब्यांची पिशवी हातात घेऊन तशीच वॉर्ड ऑफिसात जायची आणि काम झाल्याशिवाय हलायची नाही. पक्षाच्या सभेला बायका जमवायच्या तर वहिनी, आणि तिकीट मात्र कुणाच्या तरी मेव्हण्याला. गरज सरो, वैद्य मरो!

या खेपेला आमचा प्रभाग महिलांसाठी राखीव निघाला आणि पक्षाचे साहेब स्वतः घरी येऊन म्हणाले, "वहिनी, यंदा तुम्हीच." बाई नुसती हरखली होती. पोळ्या लाटता लाटता भाषण म्हणून दाखवायची. "भावजीनू, ऐकतास मां?" मी हो म्हटलं की पहिल्यापासून सुरू. दादासुद्धा कित्येक वर्षांनी हसताना दिसला.

आणि मग ती दुरुस्ती आली. प्रभागाच्या हद्दीच्या वर्णनात आमच्या बाजूची खूण होती गिरणीचं मुख्य गेट. गिरणी जाऊन तिथे टॉवर झालाय, तेव्हा कुणा सरकारी साहेबाने बसल्या जागी ते शब्द काढले आणि 'गृहसंकुलाचे मुख्य प्रवेशद्वार' असं घातलं. आता बघा. गिरणीचं गेट होतं आमच्या चाळींच्या पलीकडच्या टोकाला. टॉवरवाल्यांना तिथे आमचे मंडप आणि सुकटीचा वास नको होता. त्यांनी ते भिंत घालून बुजवलं आणि नवं गेट अलीकडच्या रुंद रस्त्यावर काढलं. तो एकदा खुर्चीतून उठून इथवर आला असता तर आंधळ्यालाही दिसलं असतं. नाही आला. गेट सरकलं तशी हद्द चाळींच्या अलीकडे सरकली, आणि आमच्या सगळ्या चाळी शेजारच्या प्रभागात जाऊन पडल्या. तो प्रभाग दुसऱ्याच प्रवर्गासाठी राखीव. तिथे वहिनीला उभंच राहता येईना.

मी तिला घेऊन संबंधित अधिकाऱ्याकडे गेलो. तरुण होता, आदबीने बोलला. पाणीबिणी विचारलं.

"काका, हरकत घ्यायला यात आहेच काय? धोरण कुठे बदललंय? किरकोळ तांत्रिक दुरुस्ती आहे ही."

"अहो, पण माणसं गेली ना इकडची तिकडे!"

"ती आनुषंगिक बाब झाली."

वहिनीने मला विचारलं, "आनुषंगिक म्हंजे काय?" मला तिच्याकडे बघवेना. म्हटलं, "चल, घरी जाऊ."

तरी ती जुन्या प्रभागातूनच उभी राहायला तयार होती; दुसऱ्या प्रभागातून उभं राहायला कायद्याची आडकाठी नसते. पक्षाच्या साहेबांनी हात जोडले. "वहिनी, तुमची हक्काची मतंच पलीकडे गेली. आता कुठल्या तोंडाने वर तुमचं नाव पाठवू?" तिकीट टॉवरमधल्या एका बाईंना मिळालं. मेल्यांनी प्रचारातल्या कार्यकर्त्यांच्या डब्यांसाठी मात्र वहिनीलाच विचारलं. तिने दिलेही. मी भांडलो तिच्याशी, तर म्हणाली, "अन्नाने काय वाकडं केलंय कुणाचं?"

मतदानाला आम्ही तिघं शेजारच्या प्रभागाच्या शाळेत गेलो. यंत्रावर एकही ओळखीचं नाव नव्हतं. जो निवडून आला त्याला आमच्या चाळीने अजून पाहिलेला नाही. तो तरी कशाला येईल? चार चाळींच्या मतांवर त्याचं काय अडतंय!

परवा नळाला गढूळ, वास मारणारं पाणी आलं. वरच्या मजल्यावरच्या बायका बाटली भरून सवयीने वहिनीच्या दारात. तिने डाळ निवडता निवडता मान वर केली.

"तुमच्या नगरसेवकाला दाखवा जा."

"असं काय करतेस गं वहिनी? तुझा नि आमचा वॉर्ड एकच ना!"

"एकच ना," वहिनी म्हणाली. "माझ्या नळालाही तसंच पाणी येतंय. मी कुणाच्या दारात जाऊ?"