मामांची पांढरी पलटण

रक्ताचा रिपोर्ट हातात आला की मामा आधी उभे राहत. बसून हजेरी घेणं त्यांना माहीत नव्हतं. पांढऱ्या पेशींचा आकडा ते मोठ्याने वाचत, क्षणभर थांबत आणि म्हणत, "ठीक. सगळे हजर." लाल पेशींकडे ते बघतही नसत. त्या हमाल, असं त्यांचं मत होतं.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. ग्वाल्हेर संस्थानच्या फौजेत ऐन विशीत नाईक झालेले. संस्थान विलीन झालं, फौजेची नवी मांडणी झाली. काही पलटणी देशाच्या सैन्यात गेल्या, मामांची मोडली. एका सकाळी ग्वाल्हेरजवळच्या मुरार छावणीच्या मैदानात हुकमाचा कागद वाचला गेला आणि सगळ्यांनी आपापली बंदूक जमा केली. पुढे त्यांनी आयुष्यभर जंगल खात्यात नोकरी केली. तिच्याविषयी ते एक वाक्य बोलल्याचं मला आठवत नाही.

साठीनंतर त्यांची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा मी त्यांना ग्वाल्हेरातल्या आमच्या हरिशंकरपुरमच्या घरून डायलिसिसला नेई. यंत्र सुरू झालं की थोड्याच वेळात हुडहुडी भरे, छाती आवळून येई. एक दिवस ते म्हणाले, "बस झालं, कुमुद. आता नाही जायचं." न जाणं म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई तेव्हा एका औषधाचा अभ्यास करत होत्या. मी मामांचं बोलणं त्यांच्या कानावर घातलं, तेव्हा त्यांनी मामांना समजावलं, की रक्त यंत्राच्या गाळणीला लागलं की पांढऱ्या पेशींना वाटतं शत्रू आला. त्या चवताळतात, त्यानेच हुडहुडी भरते, आणि पाव तासात बहुतेक सगळ्या फुप्फुसांत जाऊन लपतात. औषधाने त्या शांत राहतात का, ते रक्त काढून मोजायचं होतं.

"लपत नाहीत, मोर्चेबांधणी करतात," मामा म्हणाले. "और आप उनसे हथियार रखवाएँगी?"

औषधाला त्यांनी साफ नकार दिला. बऱ्याच वाटाघाटींनंतर अट घातली: लेखी हुकूम काढा आणि पेशींसमोर वाचा. बाई हसल्या नाहीत, याबद्दल मी अजून त्यांची ऋणी आहे. केसपेपरच्या मागे त्यांनी हुकूम लिहिला. मामांनी पडल्यापडल्या टाचा जुळवल्या. त्यांच्या दंडाकडे बघत बाईंनी वाचलं, "सभी श्वेत कणों को सूचित किया जाता है कि मशीन शत्रु नहीं है। हथियार पास रहेंगे, चलाए नहीं जाएँगे।" शेजारच्या खाटेवर सराफ्यातले एक शेठजी होते. आमच्यांनाही ऐकवा, असं त्यांनी अदबीने सांगितलं. बाईंनी पुन्हा वाचलं.

महिनाभर औषध चाललं. हुडहुडी तशीच राहिली. शेवटी बाईंनी मान खाली घालून सांगितलं, की औषधाचा काही असर झाला नाही. पेशी पूर्वीसारख्याच निघून जातात. मी मामांकडे पाहिलं नाही. आता घरी चल म्हणतील आणि परत यायचे नाहीत, याचीच भीती होती.

मामा उभे राहिले. "हुकुम सुनकर भी?"

"जी."

त्यांनी रिपोर्टची घडी घालून खिशात ठेवली. जिना उतरताना मध्येच थांबले.

"मुरारला आम्ही हुकूम मानला होता, कुमुद. मुकाट्याने."

पुढच्या खेपेला ते माझ्याआधी तयार होऊन दारात बसले होते. त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी डायलिसिसची एकही खेप चुकवली नाही. हुडहुडी भरली की त्यांचे दात वाजत. मी दुसरं पांघरूण घालायला जाई, तर ते हात धरत आणि म्हणत, "राहू दे. आपलीच माणसं आहेत."