गंगव्वाच्या हाती गोविंद

थोरली लेक सुखरूप वाढत होती, पण तिच्या पाठची दोन बाळं जन्मली आणि हळदीसारखी पिवळी पडून गेली. पुन्हा दिवस राहिले तेव्हा आनंद कसला, धडकीच भरली. सासूबाई म्हणाल्या, "देवीचं काहीतरी राहिलंय." मी फटकन बोलले, "राहिलं असेल तर माझ्याकडून घ्यावं तिनं, बाळांकडून काय घेते?" देवळात पाऊल टाकायचं मी सोडलं होतं. माहेर साताऱ्याचं, सासर सांगलीचं, आणि तोंडाळपणा दोन्हीकडचा!

तरी एका शुक्रवारी सासूबाईंनी मला ओढतच नेलं. आमच्या त्या देवळात मूल व्हावं, जगावं म्हणून बायका लाकडी पाळणे बांधत. त्या दिवशी सभामंडपात मुंबईच्या एक डॉक्टरीणबाई काचेच्या नळ्या मांडून बसल्या होत्या. अशी बाळं का दगावतात, याचा त्या अभ्यास करत होत्या. बायका दवाखान्याची पायरी चढेनात, तेव्हा गुरवाला विचारून त्यांनी देवीचीच पायरी गाठली. एकीनं बोट पुढं केलं की मागच्या दहाजणी करायच्या. मीही केलं.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी मला जवळ बसवलं. "तुझ्या रक्तात एक गोष्ट नाही, ती यजमानांच्या रक्तात आहे. बाळानं वडिलांचं घेतलं की तुझं रक्त त्याला परकं समजून झगडतं. पहिल्या वेळी त्याला ते ठाऊक नसतं, नंतर शिकतं. यात तुझा दोष नाही, बाई." इतक्या वर्षांत हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं. मी तिथंच हमसून रडले.

बाळंतपण त्यांनी दवाखान्यातच करायला लावलं. पहाटे मुलगा झाला आणि दुपारपर्यंत त्याचे डोळे पिवळे दिसू लागले. बाळाचं रक्त थोडं थोडं काढून दुसरं भरायला हवं होतं, आणि ते माझ्यासारखंच ती गोष्ट नसलेलं, पण न झगडणारं. देवळात तपासलेल्यांपैकी तसं एकीचंच निघालं होतं. गंगव्वा, मूळची जतकडची, माधवनगरच्या गिरणीत कामाला. आमचे हे टांगा घेऊन धावले.

ती आली, पण उंबऱ्याबाहेरच थांबली. "आवं, मी वांझ हाय. बाळंतिणीच्या खोलीत कशी येऊ? माज्या सावलीनं लेकराला काय झालं तर?" सासूबाई दारातच होत्या. एरवी अशी बाई दिसली की नातवंडावर पदर टाकणाऱ्या त्या! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला कधी दिवसच राहिले नाहीत, म्हणूनच हिचं रक्त झगडायला शिकलेलं नाही. हेच हवंय." सासूबाईंनी बाळाकडं पाहिलं, दारातून बाजूला झाल्या आणि गंगव्वाचा हात धरून म्हणाल्या, "ये गं बाई, तूच ये." मी डोळे मिटले. देवीशी भांडण संपलं नव्हतं, पण आता हातात काहीच नाही, तूच बघ, एवढं तिला म्हणाले. दिवेलागणीला बाळ भुकेनं रडलं. तसं गोड रडणं मी पुन्हा ऐकलं नाही.

साखर रेशनवर होती, म्हणून बारसं गुळावरच झालं. पाळण्याच्या एका बाजूला सासूबाई उभ्या राहिल्या, दुसऱ्या बाजूला त्यांनी गंगव्वाला बोलावलं. आलेल्या बायकांत कुजबुज झाली, तर सासूबाईंनी असे डोळे वटारले की सगळ्या चिडीचूप. "कुणी गोविंद घ्या," म्हणत त्यांनी पाळण्याखालून बाळ दिलं. गंगव्वानं ते घेतलं. आता "कुणी गोपाळ घ्या" म्हणून वरून परत द्यायचं असतं. पण तिला आजवर कुणी बारशाला बोलावलंच नव्हतं, तिला कुठलं ठाऊक? ती बाळाला उराशी धरून नुसती उभी राहिली.

आता माझे केस पिकले, सासूबाई गेल्या, गंगव्वाही गेली. जिची ओटी देवीनं भरली नाही, तिच्याच हातून माझी का भरली, हे मला उमगलेलं नाही आणि मी ते देवीला विचारतही नाही. हात जोडले की मूर्तीआधी मला ती पाळण्यापाशी उभी दिसते. त्या दिवशी सासूबाई हात पुढे करून कितीतरी वेळ थांबल्या होत्या, पण 'आता दे' असं काही त्या म्हणाल्या नाहीत.