सोयरीक आणि साबितूचे पाय

नायजेरियातल्या कानो शहराच्या जुन्या वेशीजवळ साबितू टोप्यांवर भरतकाम करत बसे. दोन्ही पाय लहानपणीच पोलिओने वाळले होते. हातांत रबरी चपला अडकवून तो चाले. टाका चुकला तर हसत उसवी, पण पायांबद्दल कोणी अक्कल पाजळली की त्याचा पारा चढे. आणि अक्कल पाजळणाऱ्यांचा तुटवडा कधीच नव्हता.

"इन्ना नावाच्या भुताने पाय पिऊन टाकले," गिऱ्हाईक सांगे.

"भूत नाही हो, जंतू! विष्ठेतून बाहेर पडतो, न धुतलेल्या हातांवरून, घाण पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातो!"

गिऱ्हाईक समजूतदारपणे मान डोलावी. "म्हणजे इन्नाच की."

त्यात झुलैच्या, म्हणजे त्याच्या मुलीच्या, सोयरिकीची वेळ आली. मुलगा चांगला होता आणि झुलैच्या मनातही होता. मुलाचे काका अल्हाजी बरौ आणि त्यांची म्हातारी लंताना आत्या दारातल्या बैठकीत येऊन बसली. साबितूच्या बायकोने, देलूने, दह्यात बाजरीचे गोळे कालवून केलेला फुरा भोपळ्याच्या भांड्यात पुढे ठेवला आणि ती पडद्याआड गेली. प्यायला सगळ्यांत मिळून पळी एकच. साबितूने एक घोट घेऊन ती बरौंच्या हातात दिली.

बरौ खाकरले. "मालम साबितू, मुलगी गुणाची आहे. पण हे पाय... रक्तातून उतरलं तर? आमच्या नातवंडांनी उद्या काय करायचं?"

"रक्ताचा काय संबंध? माझे आईबाप, माझी भावंडं, सगळी ठणठणीत चालली. ही लागण आहे, अल्हाजी! एकाकडून दुसऱ्याला होते!"

हे मात्र बरौंना लगेच पटलं. त्यांनी हातातल्या पळीकडे पाहिलं, ती हळूच भांड्यात सोडली आणि बोटं झग्याला पुसली.

पडद्याआड देलूने कपाळाला हात लावला.

"अहो, माझी लागण तेव्हाच संपली!" साबितू ओरडलाच. "जंतू काही आठवड्यांत अंगातून निघून जातो. नसांचं नुकसान तेवढं मागे राहतं. आता मी कोणाला काय देणार?"

"मग तुम्हाला कोणी दिली? गल्लीत दुसरा पांगळा होता?"

"नव्हता! बहुतेकांना लागण झाल्याचा पत्ताही लागत नाही. हुंदडतात, खेळतात, आणि जंतू वाटत फिरतात. दोनशेंत एखाद्याचेच पाय जातात."

"म्हणजे पांगळ्याला नाही, धडधाकटाला भ्यायचं?"

"कोणालाच भ्यायचं नाही! मुलांना पोलिओचे थेंब पाजायचे!"

"आमच्या घरात कधी कोणी पांगळं झालं नाही. थेंब कशाला?"

साबितूने डोळे मिटले. मुलीच्या बापाने इथे नमतं घ्यायचं असतं, हे त्याला ठाऊक होतं. पण तोंडून निघून गेलं, "मग माझी मुलगी मी तुमच्या घरात देत नाही. तिच्या पोरांना थेंब मिळणार नसतील तर नाही."

आत काहीतरी खणकन पडलं. बरौ झगा सावरत उठले.

तेवढ्यात लंताना आत्याने पळी उचलली, फुरा ढवळून घोट घेतला आणि तीच पळी साबितूपुढे धरली. "बस रे बरौ. आपल्या घरातली सगळी पोरं थेंब घेतात. तू बाजारात गेलास की मीच दार उघडते."

"माझ्या घरात? मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू दिवसभर बोलला असतास. आणि थेंब पाजायला आलेल्या त्या पोरी बिचाऱ्या दारात उभ्या. बस म्हणते ना!"

बरौ बसले.

"तारीख बोला आता," आत्या म्हणाली.

साबितूने पळी घेतली. घोट घेऊन गप्प बसायचं, एवढंच काम उरलं होतं.

"आत्याबाई," तो म्हणाला, "किती वेळा पाजले?"

"एकेकाला एकदाच. पाजले की झालं."

"एकदा पाजून काय होतंय! दर फेरीला पाजायला हवेत, पुन्हा पुन्हा, नाहीतर—"

"अहो!" पडद्यामागून देलू कडाडली. "तारीख!"