दहा माणसांची प्रार्थना

ईशा, निनाद, हल्ली माझ्याकडून नावं निसटतात. म्हणून ज्याचं खरं नाव आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत कुणी घेतलंच नाही, त्याच्याबद्दल आधी लिहून ठेवते.

तो ओठ मिटून गायचा. जवाहरनगरच्या फॅक्टरी वसाहतीत आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये बाप आणि लेक राहत. आई लवकर गेलेली. तिथलं ते एकमेव ज्यू कुटुंब. सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाऊन म्हणवणाऱ्याला हज्जान म्हणतात, हे कळल्यापासून आम्ही मुलाला हज्जानच म्हणू लागलो.

त्याचे बाबा मूळचे कोकणातले, फॅक्टरीत फिटर. शनिवारी फॅक्टरीची बस यायच्या आत दोघं, त्यांचं पवित्र शहर ज्या दिशेला त्या पश्चिमेच्या भिंतीकडे तोंड करून प्रार्थना म्हणत. काही प्रार्थनांना दहा ज्यू पुरुष लागतात. हे दोघंच. तो भाग आला की बाबा शब्द गाळून नुसती चाल गुणगुणायचे. "शब्द दहांचे, चाल आपली," म्हणायचे. मुलगा गाणं शिकला ते असं.

बारावीनंतर ठाण्याच्या मामानं त्याला बोलावलं. तिथल्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना गायला नीट शिकता आलं असतं. बाबा माझ्यासमोरच म्हणाले, "जा की. शनिवारी मी भिंतीशी बोलेन." भरलेली ट्रंक पलंगाखाली गेली आणि हज्जान फॅक्टरीत अप्रेंटिस लागला. मी रागावले, तर म्हणाला, "काकू, दोनातून एक गेला तर बाबांकडे उरतं काय?"

चार वर्षांनी बाबा अचानक गेले. त्यांच्यात दफन लांबवत नाहीत. ठाण्याची माणसं पोहोचणं शक्य नव्हतं. कबरीपाशी मुलानं कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायचा असतो. तोही दहांचाच.

समोरचे पटलेभाऊ, सिहोऱ्याचे, पुढे झाले. "दहा काय, आमी वीस जन उभे आहोत ना बापू. मंग काहून नाही चालत?"

"बाबांनी चालू दिलं नसतं, भाऊ."

त्यानं ओठ मिटले. त्या दिवशी चालही निघेना. आम्ही वीस जण उभे, आणि कुणाचाच उपयोग नाही.

आठव्या दिवशी तो निघाला. पटलेभाऊंनी बसपाशी हात धरला. "पक्की नोकरी लागून राहिली, अन् सोडून कायले चालला गा?"

"अकरा महिने कद्दीश म्हणायचाय. दहा माणसांत उभं राहायला जातो."

तो तिकडेच राहिला. आता एका सिनेगॉगचा हज्जान आहे. जवाहरनगरात एकदाही शब्दांसकट म्हटली न गेलेली बाबांची चाल तिथे दर शनिवारी शब्दांसकट म्हटली जाते.