काकांचा उजवा अंगठा

दुपारी मी आणि काका बेसमेंटमध्ये टीव्हीसमोर बसलेलो असायचो आणि वर स्वयंपाकघरात मावशीचा सगळा जीव कानात असायचा. आमचा आवाज चढला की ती जिन्याच्या तोंडाशी येई. "काय झालं रे?"

"काही नाही, मावशी. टचडाऊन झाला."

काका म्हणजे मावशीचे यजमान. अमेरिकेत नेपरव्हिलला त्यांचं रेस्टॉरंट होतं, तिथं मी तंदूरवर होतो. नववीत शाळा सोडलेल्या माझ्यासारख्याला त्यांनी इतक्या लांब आणलं, घरातली खोली दिली. त्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय हळूहळू चालू लागला, उजवा हात मात्र मांडीवर पडून राहायचा. थेरपिस्टबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, बोटांना आत्ता काम दिलं नाही तर ती अशीच राहतील. व्यायामाचा रबरी चेंडू काकांनी भिरकावून दिला. "मी काय बाळ आहे?" भिरकावला तोही डाव्या हातानं.

त्यांची मुलगी कॉलेजला गेली तेव्हा तिचा अमेरिकन फुटबॉलचा व्हिडिओ गेम घरीच राहिला होता. त्याचा कंट्रोलर मात्र काकांनी आपणहून उचलला. हा खेळ ते वर्षानुवर्षं टीव्हीवर बघत आले होते. मला त्यातलं काही कळत नव्हतं. एवढी धिप्पाड माणसं एकमेकांच्या अंगावर का धावतात, हाच प्रश्न. काकांनी शिकवलं. "चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं जायचं. गेलास की पुन्हा चार. चेंडू शेवटच्या रेषेपार नेला की टचडाऊन. बाकी सगळं डोक्यात."

दर प्रयत्नाआधी पडद्यावर डावांची चित्रं येत, कोण कुठून पळणार त्याचे बाण काढलेले. इंग्रजी वाचायला मला वेळ लागे, बाण लगेच कळत. पुढं ध्यानात आलं, की धावपळ शेवटी येते. त्याआधी समोरच्याच्या मनात काय शिजतंय ते ओळखायचं असतं. आट्यापाट्यांत पाटीवर उभं राहून गडी कुठून निसटेल ते हेरायचो, अगदी तसं. तंदूरवर रोट्या लावतानाही माझ्या डोळ्यांपुढं बाण फिरायला लागले.

आणि तिथंच पंचाईत झाली. काका चेंडू घेऊन नुसते पळायचे. पळायला डावा अंगठा पुरतो. डाव सुरू करायचं बटणसुद्धा ते डावा हात आडवा नेऊन दाबत. चेंडू फेकायचा तर ज्याच्याकडं फेकायचा त्या गड्याचं बटण दाबायला उजवा अंगठा हवा, आणि तो झटकन चालायला हवा. त्यांनी एकदाही फेकला नव्हता. म्हणजे मी सगळी माणसं पुढं उभी केली की काका अडकलेच. पण मावशीनं बजावलं होतं, "जिंकू देत जा रे. चिडले की बीपी चढतं." शिवाय आमच्याकडं थोरल्यांना कॅरममध्येसुद्धा कुणी हरवत नसे. मी माणसं मागं ठेवायचो. काका जिंकायचे.

एके दिवशी त्यांनी मध्येच गेम थांबवला.

"मला एक यार्ड हवाय. एक! आणि तुझी माणसं तिकडं पार्किंग लॉटमध्ये काय करतायत?"

"चुकलं, काका."

"चुकलं नाही. कीव करतोयस माझी. पुन्हा असं केलंस ना, तर हे मी हातात धरणार नाही."

ते बोलले तसं करणारे होते. हरवलं तर हा माणूस खचेल, न हरवलं तर कंट्रोलर सुटला आणि त्याबरोबर हात चालायची आशाही गेली. वर मावशीची पावलं ऐकू येत होती.

मी खरा खेळलो. अडवलं, पाडलं, पुढं गेलो. काकांचा चेहरा लाल होत चालला. शेवटी त्यांना टचडाऊनला तीन यार्ड उरले आणि घड्याळात एका डावापुरता वेळ. टचडाऊन झाला तर ते जिंकत होते. मी सगळी माणसं पुढं आणली. भिंतच.

काकांनी डाव्या हातानं उजवा हात उचलला, कंट्रोलरवर नीट ठेवला, अंगठा बटणांवर आणला. डाव सुरू झाला. माझी माणसं त्यांच्या चेंडू फेकणाऱ्या गड्यावर, क्वार्टरबॅकवर धावली. अंगठा खाली जात नव्हता.

"फेका, काका!"

"तू गप्प बस! तू माझ्याविरुद्ध आहेस!"

आणि चेंडू उडाला. कुणाच्याच हाती न लागता मैदानाबाहेर पडला. घड्याळ संपलं.

मावशी जिन्यात आली. "काय झालं रे?"

या वेळी उत्तर काकांनीच दिलं. "हरलो." मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "दाबलं गेलं ना रे?"

"गेलं, काका. पण बटण चुकीचं होतं."

"ते बघू. लाव पुन्हा."