भुईचाफ्याचे तीन कंद

बोईसर स्टेशनवर आईने माझ्या हातात भुईचाफ्याचे तीन कंद दिले, ओल्या फडक्यात पानांसकट बांधलेले. पाय सुजले होते म्हणून ती बाकावरून उठली नाही. नर्सिंग पूर्ण करून मी नोकरीसाठी इंग्लंडला निघाले होते. नवापूरच्या आमच्या कोळीवाड्यातून एवढ्या लांब कुणी मुलगी गेली नव्हती.

"थंडीत पाला झडंल," आई म्हणाली. "मेला समजू नको. झोपतो तो. तवा पानी घालू नको."

गाडी आली, दादाने ट्रंक चढवली. नीट रडायलाही वेळ मिळाला नाही.

इंग्लंडात हॉस्पिटलच्या गावात मला माडीवरची एक खोली मिळाली. कंद कुंडीत लावून खिडकीत ठेवले. नोव्हेंबरात पानं पिवळी पडून गळाली. घरमालकीण भली बाई. मातीत बोट घालून म्हणाली, "संपलं हे. उन्हं आली की बाजारातून दुसरं आण." तिचं मी ऐकलं नाही, पण आईचंही ऐकलं नाही. बर्फाकडे बघून या गारठ्यात काही जिवंत असेल असा विश्वासच बसेना. ड्यूटीवरून आले की पेलाभर पाणी घालायची. जानेवारीत माती उकरली तर दोन कंद कुजून मऊ झाले होते. तिसऱ्याचा कुजका भाग ब्लेडने कापला, राख चोळली आणि कोरड्या वाळूत पुरून पाणी तापवायच्या बॉयलरजवळच्या उबदार फळीवर ठेवला. घरी यातलं काही कळवलं नाही.

मार्चमध्ये दादाचं पत्र आलं. आईला जाऊन बारा दिवस झाले होते. तार केली तरी तू पोचणार नव्हतीस, म्हणून केली नाही, असं त्याने लिहिलं होतं. शेवटी शेवटी ती विचारत होती, "पोरीच्या चाफ्याला कोंब आला काय?" दादाने आला म्हणून सांगितलं होतं.

मग मी हट्टालाच पेटले. नवी माती आणली. कोमट पाणी, तेही चमच्याने. दिवसा कुंडी खिडकीत, संध्याकाळी परत फळीवर. मेच्या शेवटी एक पान वर आलं. आमच्याकडे उघड्या जमिनीतून आधी फूल येतं, पान मागाहून. इथे नुसतं पान. पुढची दोन वर्षंही पानच.

गेल्या उन्हाळ्यात रजा काढून नवापूरला गेले. दादाला तारापूरच्या अणुवीज प्रकल्पावर काम लागलंय. बिऱ्हाड बोईसरला हलवलंय, मुलं आपसात हिंदी बोलतात. आमच्या घराला कुलूप होतं. अंगणात आईचा भुईचाफा यायचा त्या जागेत कुणीतरी बोंबील वाळत घालायला बांबू रोवले होते. शेजारची नवी सून बाहेर आली.

"कोनाकडं आल्या तुमी?"

मी आईचं नाव सांगितलं.

"त्या नाय आता," ती म्हणाली, आणि तिने बसायला पाट दिला, पाहुण्याला देतात तसा.

आता नव्याने इथे आलेल्या मुली विचारतात, घरची ओढ कधी कमी होते. त्यांना काहीतरी बरं सांगून मी वेळ मारून नेते. घर म्हणजे दारात आलेल्या आपल्याला कोण म्हणून न विचारणारं माणूस. तसं माणूस मला नवापुरात उरलं नाही आणि इथे कधी मिळालं नाही.