चतुराबाईच्या वाट्याची भाकरी

दिवाळी झाली की पाटोद्याच्या डोंगरपट्ट्यातलं हे गाव ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर निघून जातं. मागं राहतात दाराची कुलपं आणि म्हातारी माणसं. ज्यांना कोयता धरवत नाही आणि ट्रकवर चढवत नाही, अशांना घरी ठेवून लेकं-सुना जातात आणि जीव टांगणीला लावून सहा महिने ऊस तोडतात. भिवराबाई ही त्या मागं राहिलेल्यांची भाकरी करणारी बाई. तिची ओळख एवढीच, आणि गावाला ती पुरत होती.

नवरा वारल्यावर तिनं टोळीबरोबर जाणं सोडलं. पहिल्या साली शेजारच्या दोघा म्हाताऱ्यांना भाकरी दिली, पुढच्या साली पाचजण झाले आणि मग अख्खं गावच तिच्या गळ्यात पडलं. टोळीवर निघताना प्रत्येक घर आपल्या म्हाताऱ्याच्या नावची ज्वारी तिच्या कणगीत ओतून जाई. गीताबाई आणि बायनाबाई चुलीपाशी बसत, भिवराबाई टोपलं घेऊन दारोदार फिरे. भाकरी ठेवली आणि निघाली, असं कधी नाही. आधी दुरडीतली कालची भाकरी बघायची. उरली असेल तर का उरली, हे कळल्याशिवाय ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसे. कुणाला ताप असे, कुणाची दाढ ठणके, कुणाला लेकाची आठवण आलेली असे. तापाला पाटोद्याचा डॉक्टर, दाढेला डाळीत कुस्करलेली भाकरी आणि लेकाच्या आठवणीला तिच्या चार शिव्या. सगळा कारभार तिच्या डोळ्यांत आणि तोंडात होता.

गावातला धर्मराज शिकून बीडला राहायला गेला होता. त्यानं या कामाची रीतसर संस्था नोंदवली. कागदावर तिचं नाव लांबलचक. लोक आपले भाकरीची संस्था म्हणत. तो सचिव, भिवराबाई अध्यक्ष. पोरगा वाईट नव्हता. वाईट असता तर तिनं त्याला कधीच हाकलला असता.

दोन हजार अठरा साली पावसानं तोंड फिरवलं. गावातल्या कुणाच्याच घरात कणगीत ओतण्याएवढी ज्वारी नव्हती. टोळ्या हात हलवत ट्रकवर चढल्या. सर्जेराव तर आपल्या आईला, चतुराबाईला, बरोबरच घेऊन निघाला होता. म्हातारीला धड दिसत नव्हतं, चार पावलं चालवत नव्हतं. उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत, थंडीत ती काय टिकणार? भिवराबाई ट्रकला आडवी आली.

"उतरीव तिला खाली. मी जित्ती हाय तवर तुजी माय उपाशी न्हाई राहायची."

सर्जेराव तिच्या पाया पडला आणि गेला. भिवराबाई शब्द देऊन बसली, आणि त्या दिवसापासून तिच्या जिवाला घोर लागला. पाटोद्याच्या बाजारात दर आठवड्याला झोळी फिरवून ती पुढच्या बाजारापर्यंतची ज्वारी आणू लागली. तिकडं धर्मराजनं पुण्याच्या एका निधी देणाऱ्या संस्थेकडं अर्ज केला. अनुदान मंजूर झालं, पण ते ज्वारीसाठी नव्हतं. संस्था बळकट करण्यासाठी होतं.

"म्हंजी काय रं?" भिवराबाईनं विचारलं.

"संगणक, प्रशिक्षण, पाच वर्षांचं नियोजन. काकू, संस्था एकदा सक्षम झाली की मग मोठं अनुदान. मग ज्वारीसंगं डाळ-तेलबी."

"आन् तवर म्हाताऱ्यांनी काय नियोजन खायाचं?"

धर्मराज हसला. ती हसली नाही.

संस्थेची क्षमता मोजायला पुण्याच्या मॅडम आल्या. बाई साधी होती, खाली बसून कौतुकानं भाकरी खाल्ली तिनं. मग कागद काढून एकेक प्रश्न विचारू लागली. "उद्या तुम्ही नसलात, तर संस्था चालेल का?"

समोर गीताबाई आणि बायनाबाई बसलेल्या. माझ्यावाचून अडतं असं म्हणणं म्हणजे त्या दोघींच्या तोंडात मारणं. भिवराबाई म्हणाली, "चालंल की. ह्या दोघी हायत. भाकरी काय मला एकलीलाच येती व्हय?"

मॅडमनी या उत्तराला पैकीच्या पैकी गुण दिले. दारोदार जाण्याला मात्र शून्य, कारण त्याचा पुरावा कुठंच नव्हता. मग नवी पद्धत ठरली. सगळ्यांनी अकरा वाजता समाजमंदिरात यायचं, रजिस्टरवर अंगठा द्यायचा, फोटो काढायचा आणि मग भाकरी घ्यायची. ज्यांना चालवत नाही त्यांची सोय पुढच्या टप्प्यात. बाकीचे काठ्या टेकत, एकमेकांना धरत कसेबसे येत. राहिली एकटी चतुराबाई. तिची भाकरी भिवराबाई पदराखाली लपवून नेई. भिवराबाई रोज मोडत होती म्हणूनच ती पद्धत चालत होती, पण हे कोणत्या रकान्यात लिहायचं?

जानेवारीत बीडच्या हॉटेलात तीन दिवसांचं प्रशिक्षण लागलं. भिवराबाई आणि गीताबाईला जाणं भाग होतं. निघताना तिनं बायनाबाईला बजावलं, "चतुराबाईला इसरू नगंस." पण पदराखालच्या भाकरीची कुणकुण धर्मराजला लागली होती. अंगठ्याशिवाय भाकरी बाहेर जाता कामा नये, फोटो तपासतात, असा दम त्यानं बायनाबाईला भरला. बायनाबाई मुळातच भित्री. चतुराबाईच्या गल्लीत तर बाकी सगळ्या दारांना कुलपं.

हॉटेलात भिंतीवर रंगीत कागद चिकटवून झाडाची मुळं, खोड आणि फांद्या म्हणजे संस्था, असं शिकवत होते. दुसऱ्या दिवशी भिवराबाई जेवणाच्या ताटावरून उठून धर्मराजकडं गेली.

"धर्मराज, मला गावाकडं जाऊ दे. माजं मन थाऱ्यावर न्हाई."

"काकू, अध्यक्षाची हजेरी पुरी लागती, न्हाईतर पुढचा हप्ता थांबतोय. आन् तुमीच म्हनलात न्हवं, तुमच्यावाचून चालतंय?"

ती खाली बसली. उठून एसटीत बसली असती तर कुणी तिला दोरीनं बांधून ठेवणार नव्हतं. हे तिनं स्वतःला कधीच माफ केलं नाही, आणि कुणी तिची वकिलीही करू नये.

चौथ्या दिवशी सकाळी पिशवी हातातच घेऊन ती चतुराबाईच्या घरात शिरली. दुरडी रिकामी होती. भाकरी उरली नव्हती, कारण ती आलीच नव्हती. म्हातारी माठाजवळ पडलेली, श्वास तेवढा चालू होता. जीप करून पाटोद्याला नेली. दुसऱ्या दिवशी उजाडताना ती गेली. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, त्यात अंगात काही त्राणच नव्हतं.

रजिस्टरमध्ये चतुराबाईच्या नावापुढं तीन दिवस सुवाच्य अक्षरात गैरहजर लिहिलेलं होतं. धर्मराज ढसाढसा रडला. डोळे पुसून झाल्यावर मात्र तो हळूच म्हणाला, "काकू, कागद चोख हायत. आपल्यावर काय येत न्हाई." भिवराबाईला त्या क्षणी त्याची शिसारी आली, आणि त्याहून जास्त स्वतःची.

सर्जेराव कर्नाटकातल्या कारखान्यावरून आला. माती झाली. तिसऱ्या दिवसाचं उरकून तो भिवराबाईच्या दारात आला, भिंतीला टेकून बसला.

"मावशे, शेवटाला मायनं काय खाल्लं?"

डाळीत कुस्करून भाकरी खाल्ली, एवढं म्हटलं असतं तरी त्यानं विश्वास ठेवला असता. हात जोडून तो पुन्हा फडावर गेला असता. गीताबाई मागून तिचा पदर ओढत होती.

"काय न्हाई, बाबा," भिवराबाई म्हणाली. "तीन दिस काईच न्हाई. आमी बीडला गेलतो."

"कशाला?"

"संस्था बळकट करायला."